जमशेदजी टाटा : चांद्याच्या जंगलात लोखंड शोधणारा आणि मजुराच्या म्हातारपणाची फिकीर करणारा मालक

घुग्घुसची ओळख सांगायला दोन शब्द पुरतात, कोळसा आणि लोखंड. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या खदानी, सिमेंटचा कारखाना, गडचिरोलीच्या सुरजागडहून ट्रकांनी येणारं खनिज आणि त्यापासून बनणारं स्पंज आयर्न. इथल्या जवळपास प्रत्येक घरातला कोणी ना कोणी पाळीवर जातो. कोणी कायम आहे, कोणी ठेकेदाराकडे आहे, कोणी ट्रक चालवतो, कोणी कँटीनमध्ये आहे. घरातल्या माणसाची पाळी कोणती यावर चूल कधी पेटायची ते ठरतं.

याच कोळशावर आणि याच लोखंडावर सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका पारशी व्यापाऱ्याची नजर पडली होती. जमशेदजी नसरवानजी टाटा. आमच्या शाळेतल्या मुलांना विचारलं तर टाटा म्हणजे मीठ, चहा आणि गाडी एवढंच ठाऊक असतं. पण ज्या माणसाच्या नावावर हे सगळं उभं राहिलं त्याचं पहिलं मोठं काम आपल्या विदर्भात, नागपुरात झालं, आणि पोलादाचं स्वप्न चांदा जिल्ह्यावरून सुरू झालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मालक आणि मजूर यांच्यात घरोब्याचं नातं कसं असावं, याचा एक जुना दाखला त्यांच्या आयुष्यात सापडतो. त्या नात्याची हद्द कुठवर आहे, तेही त्यातच दिसतं. म्हणून त्यांची ही हकीकत.

नवसारी ते मुंबई

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारी गावचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. पिढ्यान् पिढ्या पूजापाठ हाच रोजीचा मार्ग. त्यांचे वडील नसरवानजी हे त्या घरातून व्यापारात उतरणारे पहिले. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकायला घातलं. १८५८ साली शिक्षण पुरं झालं आणि जमशेदजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले.

पुढच्या वर्षी ते हाँगकाँगला गेले. चीनशी त्या वेळी कापसाचा आणि अफूचा व्यापार चाले. मुंबईच्या बड्या पेढ्यांप्रमाणे टाटांची पेढीही त्यात होती. मोठ्या माणसाची हकीकत सांगताना नकोशा गोष्टी गाळायच्या, असा रिवाज पडलाय. तो आम्ही पाळत नाही. अफू हा त्या काळच्या व्यापाराचा काळा भाग होता, आणि या पेढीच्या सुरुवातीच्या कमाईत तोही होता.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. जमशेदजी तेव्हा लंडनला होते, वय अवघं सव्वीस. हातात कापसाची कागदपत्रं होती, पण त्यांची किंमत रद्दीएवढी. ते पळाले नाहीत. देणेकऱ्यांना स्वतः जाऊन भेटले आणि परिस्थिती जशी होती तशी सांगितली. त्या सावकारांना त्यांच्या इमानदारीची एवढी खात्री पटली की पेढीचा हिशेब मिटवायचं काम त्यांनी जमशेदजींवरच सोपवलं. पुढे सगळ्या हकीकतीत हा गुण सारखा दिसतो. लपवाछपवी न करता समोर जायचं.

१८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलघाणी विकत घेऊन तिची सूतगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकून टाकली. नंतर ते विलायतेला लँकेशायरच्या गिरण्या बघायला गेले. परत आले ते मोठी गिरणी काढायचीच, असं ठरवून.

नागपुरातच का?

त्या काळी गिरणी म्हटलं की मुंबई. सगळे तिथेच काढायचे. जमशेदजींनी वेगळा हिशेब मांडला. कापूस पिकतो वर्धा-हिंगणघाटकडे, रेल्वे १८६७ मध्ये नागपुरापर्यंत आलेली, कापड विकायला मध्य भारताचा बाजार जवळ, आणि इंधनासाठी वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नाही. मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत इकडे आणायचं कशाला? १८७४ साली पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची. जमीन दलदलीची होती, ती भरून काढायला बराच पैसा गेला. नागपूरच्या एका सावकाराने तर पैसे द्यायला साफ नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे गिरणी चालली तेव्हा त्याच सावकाराने आपलं चुकलं हे मान्य केलं, अशी गोष्ट सांगितली जाते.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग होते. कारभार पाहायला बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले गृहस्थ नेमले. कापडाच्या धंद्याचा त्यांना काही अनुभव नव्हता, पण माणसं सांभाळायची हातोटी होती. नागपुरात आजही बेझनबाग नावाची वस्ती आहे, ते नाव त्यांचंच.

गैरहजेरीवर इलाज

सुरुवात काही सोपी नव्हती. यंत्रं हलक्या दर्जाची निघाली, माल चांगला येईना. त्याहून मोठी अडचण माणसांची. नागपूर-भंडाऱ्याकडचे शेतकरी आणि विणकर घड्याळाच्या भोंग्यावर काम करायला सरावलेले नव्हते. पेरणी आली की गावाला, लग्न आलं की गावाला, चार पैसे गाठीला लागले की दोन दिवस घरी. रोज बरेच माग माणसाविना उभे राहायचे.

त्या काळचा मालक यावर एकच औषध जाणत होता. दंड करा, पगार कापा, नाहीतर काढून टाका. कायदाही मालकाच्या बाजूने होता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांच्या कामाचे तास बांधणारा होता. आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती १८९१ मध्ये. मोठ्या माणसाने किती तास राबायचं, याला काही धरबंधच नव्हता.

जमशेदजींनी आणि बेझनजींनी उलटा विचार केला. माणूस येत नाही, कारण त्याला ही गिरणी आपली वाटत नाही. आज आहे, उद्या नाही, म्हातारपणी कोण विचारतो? मग त्याचं म्हातारपण गिरणीशी बांधून टाकायचं. १८८६ साली एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी पेन्शनचा फंड सुरू झाला. १८९५ साली कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायची पद्धत आली. यंत्राजवळ काम करताना हात गेला, बोट गेलं, तर तेव्हा नशीब म्हणून घरी बसायचं असे. अशा भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ मध्ये, आणि प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ मध्ये. सरकारने जे मालकांच्या गळी उतरवायला अर्धं शतक घेतलं, ते नागपूरच्या एका गिरणीत आधीच चालू होतं.

बाकीच्या गोष्टीही होत्या. सूतखात्यात हवा खेळती राहावी म्हणून सोय केली, हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसवली, आग लागली तर पाण्याचे फवारे सुटतील अशी व्यवस्था केली. कापसाच्या गिरणीत कामगाराचं फुप्फुस आणि जीव दोन्ही धोक्यात असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल. घुग्घुसला धुळीत राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको.

वर्षातून एकदा खेळांचा दिवस असे. कुटुंबाला घेऊन यायचं, बक्षिसं वाटायची. चांगलं काम करणाऱ्याला चांदी-सोन्याचे दागिने, घड्याळ, कापड, रोख रक्कम असं काही ना काही मिळे. सगळ्यांसमोर नाव घेऊन इनाम मिळालं की माणूस घरी ताठ मानेने जातो. गैरहजेरी हळूहळू कमी झाली आणि गिरणी देशातल्या चांगल्या गिरण्यांत मोजली जाऊ लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जमशेदजी स्वतः याला दानधर्म म्हणत नव्हते. आपण इतरांपेक्षा जास्त दयाळू आहोत असा आमचा दावा नाही, भागधारकाचं हित आणि कामगाराची तब्येत हे दोन्ही सांभाळणं हाच सरळ धंदा, अशा अर्थाचं त्यांनी १८९५ मध्ये मिलच्या एका समारंभात सांगितलं होतं. आम्हाला हे जास्त पटतं. दान देणारा हात मागे घेतला जाऊ शकतो. धंद्याचा पाया म्हणून जे धरलं, ते वहीत लिहिलं जातं आणि टिकतं.

संपही झाला होता

आता दुसरी बाजू. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे देशातल्या अगदी पहिल्या संपांमध्ये १८७७ च्या नागपूरच्या संपाची नोंद करतात, आणि तो याच एम्प्रेस मिलमध्ये झाला होता. कारण मजुरीचे दर. म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी मजुरांनी काम बंद केलं. फंड आणि इनामं त्यानंतर काही वर्षांनी आली.

याचा अर्थ काय घ्यायचा? आम्हाला असं वाटतं की नातं आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. मालक कितीही भला असला तरी मजुराला दर विचारायचा अधिकार असतोच. आणि मजूर बोलला म्हणून नातं तुटलं असं मानणारा मालक मुळात घरचा नव्हताच. घरातसुद्धा मुलगा वालिदांना हिशेब विचारतो, म्हणून काही तो परका होत नाही.

त्यांच्याच कुटुंबात याचं आणखी एक उदाहरण आहे. जमशेदजींच्या बहिणीचा मुलगा शापूरजी सकलातवाला. हा तरुण मामाच्या कामासाठी लोखंड शोधत जंगलं तुडवत फिरला. पुढे विलायतेला जाऊन मजुरांच्या बाजूने उभा राहिला आणि १९२२ साली लंडनच्या बॅटरसी भागातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. मालकाच्या घरातून मजुरांचा वकील निघाला.

चांद्याचं लोखंड

१८८२ च्या सुमारास जमशेदजींच्या हाती एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल लिहिलं होतं. लोहारा इथलं खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याला कोळसा आहे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आजचा गडचिरोलीही होता, तो १९८२ मध्ये वेगळा झाला. जमशेदजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. नागपुरात गिरणी चालू, चांदा शेजारीच. लोखंड काढायचं त्यांच्या मनाने घेतलं. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि खाणकामाच्या सरकारी अटी इतक्या जाचक होत्या की कोणी शहाणा माणूस त्यात पैसा घालणार नाही. काम तिथेच थांबलं.

सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या काळात अटी सैल झाल्या. जमशेदजी साठीला टेकले होते. त्यांनी पुन्हा कंबर कसली. १९०२ मध्ये अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले, चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. पेरिनने आपला सहकारी वेल्ड याला हिंदुस्थानात पाठवलं. उन्हाळ्यात वेल्ड, जमशेदजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि शापूरजी चांद्याच्या जंगलात तंबू ठोकून राहिले. आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते आपल्याला माहीत आहे. पाण्याची टंचाई, वाघाचं भय, बैलगाडीशिवाय वाहन नाही. खनिज चांगलं निघालं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं एका जागी मिळेना.

निराश होऊन दोराबजी नागपूरला आले. तिथल्या संग्रहालयात त्यांना भूगर्भाचा एक नकाशा दिसला. त्यात दुर्गकडच्या डोंगरांवर लोखंडाची खूण होती. तिथून धल्ली-राजहराचा शोध लागला. पुढे प्रमथनाथ बोस या भूगर्भतज्ज्ञांच्या सांगण्यावरून मयूरभंजचं खनिज मिळालं आणि कारखाना साकचीला उभा राहिला. तेच आजचं जमशेदपूर. चांद्याचं लोखंड तेव्हा जमिनीतच राहिलं. आज त्याच जुन्या चांदा जिल्ह्यातलं, सुरजागडचं खनिज घुग्घुसला येतंय.

न झालेल्या शहराचा नकाशा

जमशेदजींनी हा कारखाना डोळ्यांनी पाहिला नाही. पण १९०२ मध्ये परदेशातून त्यांनी दोराबजींना एक पत्र पाठवलं होतं. कारखाना कुठे होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्रात भट्टीबद्दल नव्हे, तर मजुरांच्या गावाबद्दल सूचना होत्या. रस्ते रुंद ठेवा. लवकर वाढणारी सावलीची झाडं लावा. हिरवळ आणि बागा असू द्या. फुटबॉल-हॉकीला मैदानं सोडा. आणि हिंदूंच्या मंदिरांसाठी, मुसलमानांच्या मशिदींसाठी, ख्रिश्चनांच्या चर्चसाठी जागा राखा.

पाच टक्के, दहा टक्के असा हिशेब न करता, मजूर म्हटला की त्याची इबादतही आली, त्याच्या पोरांचं खेळणंही आलं, हे त्यांनी आधीच धरलं होतं. कामावर येणारे फक्त हात नसतात, त्यांच्यामागे अख्खं घर येतं, हे ज्या मालकाला समजलं त्याच्याकडे माणसं टिकतात.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. दफन विलायतेतल्या ब्रुकवुड कबरस्तानात झालं. त्याआधी त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा, सुमारे तीस लाखांचा, विज्ञानाच्या विद्यापीठासाठी देऊ केला होता. त्यातून बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ मध्ये आकाराला आली. पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. तिथे १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत दवाखाना, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड, १९२८ मध्ये बाळंतपणाची मदत अशा गोष्टी एकामागून एक आल्या. त्याच काळात जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संपही झाले. म्हणजे काही सवलती मालकाच्या समजुतीने आल्या, तर काहींसाठी कामगारांना हात बांधून बसावं लागलं.

एम्प्रेस मिलचा शेवट मात्र दुःखाचा. कापडधंद्याला उतरती कळा लागली, १९८६ मध्ये टाटांकडून ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तीन-तीन पिढ्या तिथे काम केलेली घरं रिकामी झाली. चांगली संस्कृतीसुद्धा बुडत्या धंद्याला वाचवू शकत नाही. म्हणूनच मजुराच्या नावावरचा फंड वेगळा आणि सुरक्षित हवा. गिरणी गेली तरी तो जाता कामा नये.

आपल्या गावासाठी

आज मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब भाषणात म्हणतात, आपण सगळे एक परिवार आहोत. दिवाळीला मिठाई, ईदला शीरखुर्मा, वर्षाला एक स्नेहसंमेलन. चांगलं आहे, आनंद आहे. पण परिवार हा शब्द तपासायची कसोटी जमशेदजींनी घालून दिली आहे. म्हातारपणाचं काय? अपघाताचं काय? पोरांच्या शाळेचं काय? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर असतील तरच तो परिवार.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील ठेकेदाराकडे बारा वर्षं होते. पाय जायबंदी झाला तेव्हा कळलं की हजेरीत त्यांचं नाव कधी होतं, कधी नव्हतं. त्यांना सगळे भाऊ म्हणत, सणाला घरीही यायचे. पण फंडाचं खातं निघालं नाही. प्रेम होतं, वहीत नोंद नव्हती.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांना लागू नाही. आपल्या समाजात गॅरेज आहेत, शिलाईची दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, वेल्डिंगची कामं आहेत. तिथे काम करणारी पोरंही कोणाच्या तरी घरची आहेत. मजुराचा घाम आणि त्याची मजुरी याबद्दल आपल्या घरांत लहानपणापासून जी शिकवण दिली जाते, ती दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यावर आठवायला हवी. मोठा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, मान्य. पण चार माणसांच्या गॅरेजवाल्याला पोराच्या नावाने पोस्टात महिन्याला थोडी रक्कम टाकायला कोणी अडवलेलं नाही. वेल्डिंगचा चष्मा आणून द्यायला कोणी अडवलेलं नाही. पगाराची तारीख पाळायला तर पैसाही लागत नाही.

कामावर जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. आज घरी गेल्यावर आपला फंडाचा नंबर शोधा. त्यात दर महिन्याला रक्कम जमा होते का, ते मोबाईलवर बघा. जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला-मुलीला बघायला सांगा. नंबरच नसेल तर उद्या पाळीवर गेल्यावर विचारा, आणि एकट्याने न विचारता चौघांनी मिळून विचारा.